सुस्तु म्हणजे आळस नव्हे

मंगळवार, संध्याकाळ

सकाळी सरांनी वर्गात विचारलं, तुम्हाला कसं शिकवलेलं आवडेल? मीच आगाऊपणे म्हणाले, व्हिडिओ द्या सर, वॉर्डात नुसतं उभं राहून वेळ जातो.

दुपारी त्याच वॉर्डात माझा पचका झाला. बन्नूरच्या एक आजी कन्नडमध्ये सारख्या म्हणत होत्या, "नडेद्रे सुस्तु." चालल्यावर सुस्तु. मला वाटलं, सुस्ती तर आपलाच शब्द! पुण्यात रविवारच्या जेवणानंतर येते ती. सरांना सांगून टाकलं, विशेष काही नाही, आजींना चालायचा आळस आहे.

सरांनी आजींना उठवून दारापर्यंत चालवलं. अर्ध्यातच त्यांना धाप लागली, त्यांनी शेजारची खाट धरली. सर शांतपणे म्हणाले, "सुस्तु म्हणजे थकवा. आता डोळे बघ." खालची पापणी ओढली, आत पांढरीफटक. रक्तच नाही अंगात. आणि मी आळस म्हणाले!

व्हिडिओत हे कळलं असतं? तिथे पेशंट इंग्रजीत दमतात.

बाकीचे गेले तरी मी तिथेच उभी. आजी थोड्या सरकल्या, खाटेवर हात थोपटून म्हणाल्या, "सुस्तायता?"

दमलीस का? या वेळी बरोबर कळलं. हो म्हणाले आणि बसले.