रविवारचे प्रश्न

अहो सिद्धीचे अप्पा,

तुमचा फोन घरीच राहिलाय, म्हणून लिहितेय. सिद्धीला घेऊन दवाखान्यात जाते. सकाळी आमटीत भिजवलेली भाकरीसुद्धा तिच्या छातीशी अडकली. पाणीही उतरेना, नुसती लाळ गळतेय. भूल देऊन, दुर्बीण घालून घास काढावा लागेल, असं डॉक्टर फोनवर म्हणाले.

अन्ननलिकेच्या सुजेचा तो प्रश्नांचा कागद सोबत घेतलाय. दर रविवारी जेवायला बसल्यावर तुम्ही तिला विचारून भरता की. घास अडकतो का, दुखतं का, सगळीकडं 'कधीच नाही'. त्यावरूनच डॉक्टरांनी औषध कमी केलं. आपल्यात सगळेच कडक भाकरी चुरून, भिजवून खातात, त्यामुळं तिचं भिजवणं माझ्याही नजरेत आलं नाही. ती मऊ चपातीसुद्धा भिजवते.

खोटं का सांगत होतीस, म्हणून आत्ता मी ओरडले तिच्यावर. तर म्हणाली, "व्हय म्हटलं की अप्पा उपाशीच ताटावरून उठतात."

भाकरी टोपल्यात आहे, आमटी गरम करून डबा घेऊन या. ती शुद्धीवर आली की तिच्यासमोर बसून पोटभर जेवा. कागदाचं नंतर बघू.

धनलक्ष्मी