निळा चिमटा

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज कागद पुढ्यात घेतो आणि उठतो. ठमीनं तुझ्या नकळत मागच्या खोलीचं कुलूप उघडलं, आमच्या बाबांचा जुना अॅम्प्लिफायर टेबलावर काढला आणि आता शिकेन तर इलेक्ट्रॉनिक्सच, म्हणून हटून बसलीये. तू अबोला धरलायस. आणि मी रविवारी येऊन तिला समोर बसवून सांगायचं, की बाई गं, तुझा बाप स्वतःच्या हलगर्जीपणानं गेला, तू त्या वाटेला जाऊ नकोस. काका तेव्हा तिथं होता, त्याचं ती ऐकेल, असं तू लिहितेस. ऐकेल गं. म्हणूनच तर माझे पाय उचलत नाहीत.

त्या खोलीवर तुझा पहिल्यापासून राग. लोक चादरीत गुंडाळून जुने अॅम्प्लिफायर आणायचे आणि दादा झाकण काढून आधी आत नाक खुपसायचा. कुठला भाग जळलाय ते वासावरून सांगायचा. एवढ्या प्रेमानं माझ्या स्वयंपाकाचा वास कधी घेतला नाही, असं तू म्हणायचीस. त्याच्या जोडीला मीही बसायचो, पण आमचं भांडण एकच. त्याला मूळ होतं तसं जुळवायचं असे, मला सुधारायचं असे. मोठे कपॅसिटर, नवे भाग, आवाज आणखी भरदार. बाबांच्या अॅम्प्लिफायरवरून तर आम्ही पंधरा दिवस कचाकचा भांडलो. शेवटी तोच कंटाळला. घाल बाबा तुझे ते डबे, म्हणाला, पण मी सांगेपर्यंत चालू करायचा नाही.

एक गोष्ट तुला कधी कुणी नीट सांगितली नाही. व्हॉल्व्हच्या, म्हणजे त्या काचेच्या नळ्यांच्या अॅम्प्लिफायरचा प्लग काढला तरी तो थंड झालेला नसतो. त्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, माणूस मारण्याइतकी. म्हणून दादाचे दोन नियम. आत हात घालताना डावा हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जायला नको. त्याचा डावाच खिसा सारखा कसा फाटतो म्हणून तू कुरकुरत शिवायचीस ना, तो यामुळे. दुसरा नियम तुझ्या चिमट्यांचा. साठलेली वीज बल्ब जोडून उतरवायची, आणि बल्ब पेटून विझला की वायरीला कपड्यांचा चिमटा लावायचा. चिमटा दिसला म्हणजे आत काही उरलं नाही, मग खुशाल दोन्ही हात घाला. दोरीवरचे चिमटे नाहीसे होतात म्हणून तू शेजारणीशी भांडलीस, तेव्हा आम्ही दोघं आत तोंड दाबून हसत होतो. 

तो गेल्यावर सगळ्यांनी एकच धरलं. बल्ब लावायला विसरला, वायरीला चिमटा नव्हता, तरी दोन्ही हात आत. सहा वर्षं झाली, त्याच्या फोटोवरची धूळ पुसतानासुद्धा तू त्याला बोल लावतेस. मी शेजारी उभा राहून मान हलवतो. भावाच्या दुःखानं मी हे काम सोडलं, असं तुम्ही सगळे समजता. दुकानात पंखे विकतो, घरचा बल्ब बायको बदलते, आणि तू चारचौघांत सांगतेस की भाऊजी फार मऊ मनाचे. मऊ कसला, भेकड आहे मी.

वहिनी, तो विसरला नव्हता. त्या दुपारी त्यानं माझ्यासमोर बल्ब लावला, विझेपर्यंत थांबला, निळा चिमटा लावला आणि जेवायला तुझ्याकडे आत आला. व्हॉल्व्ह काढून ठेवलेले होते, म्हणजे आत साठलेली वीज आपोआप उतरायला वाट नव्हती, आणि नवे कपॅसिटर मी नुकतेच बसवले होते. मला दम निघेना. चिमटा काढून मी प्लग लावला, मीटरचा काटा कुठवर चढतो ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला हरवलं. एवढ्यात त्याच्या चपला वाजल्या. तो ओरडेल म्हणून मी प्लग उपटला आणि चिमटा होता तिथं परत लावला. बल्ब काय, तो बसला की हळूच लावू म्हटलं. तो बसलाच नाही. चिमट्याकडे बघितलं आणि खिशातला हात बाहेर काढला. तुला हाक मारायच्या आधी मी तो चिमटा माझ्या खिशात घातला होता. ठमीला त्याच्याबद्दल जे तू सांगायला सांगतेस, ते मी मेलो तरी सांगणार नाही. तिला शिकू दे. फक्त एवढं बजाव, की बल्ब स्वतः लावायचा, कुणाच्या चिमट्यावर विसंबायचं नाही, सख्ख्या काकाच्याही. रविवारी मी येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. चिमटा या पत्राच्या पाकिटात घातलाय. तुझ्याच दोरीवरचा आहे, ओळखशील.

म्हणायला तोंड उरलं नाही, तरी तुझाच,
धाकटा