नकाशेबाईंची सुनावणी

४ मार्च
तोच तुकडा आज चार वेळा पाहिला. संकलनाच्या टेबलाशी बसून पाठ धरली, पण उठवेना.

मनोरुग्णालयात मर्जीविरुद्ध ठेवलेली माणसं आणि कायदा, यावर आमचा माहितीपट. त्यातल्या या नकाशेबाई. सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. सात आठवडे आत आहेत. धाकट्या भावानं आणून सोडलं. रुग्णालय म्हणतं, दोन डॉक्टरांनी तपासूनच दाखल केलं. आणि आमच्या चित्रणात, त्याच दिवशी, तिथले मोठे डॉक्टर भावाला सांगतायत, "राहू दे त्यांना. तपासणीचं नंतर लिहून घेऊ."

कॅमेरा बंद आहे असं वाटलं असणार!

५ मार्च
दिग्दर्शकाला दाखवलं. म्हणाला, फिल्म होईपर्यंत हे बाहेर जाणार नाही. रुग्णालयाला तसा शब्द दिलाय, अजून महिनाभराचं काम आत बाकी आहे. मी म्हटलं, त्यांना सोडायचं की नाही याची सुनावणी सोमवारी आहे, फिल्मला अजून काही महिने लागतील.

"आपण वकील नाही," तो म्हणाला.

नाही. पण मग आपण कोण?

७ मार्च
ताट तसंच ठेवून उठले. आईनं दोनदा विचारलं. काही नाही म्हटलं.

८ मार्च
प्रत काढली. नकाशेबाईंच्या वकीलबाईंना नेऊन दिली. नोकरी जाईल ना, असं त्यांनी विचारलं. बहुतेक, म्हटलं.

९ मार्च
लहानशी खोली, सुनावणी घेणाऱ्या मानसिक आरोग्य मंडळाचे तिघे. नकाशेबाई केस नीट विंचरून आल्या होत्या. आवाज ऐकू येतात का, असं विचारलं. येतात म्हणाल्या — लपवलंच नाही! "औषध घेते मी. रोज. त्यासाठी कुलूप कशाला?"

भाऊ रडत होता. वाईट नाही तो, घाबरलेला आहे.

मग तो तुकडा लावला. मोठ्या डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि नुसताच धरून बसले.

सोडलं त्यांना! जिन्यात येऊन मी खाली बसले.

१० मार्च
रुग्णालयानं परवानगी काढून घेतली. इतर रुग्णांचं चित्रणही वापरायचं नाही. दिग्दर्शकानं मला कामावरून काढलं नाही. "आता फिल्म म्हणजे त्या एकट्याच," एवढंच म्हणाला.

३० मार्च
झाली. बावन्न मिनिटं. सगळी त्यांच्यावर उभी आहे. इतकं चांगलं काम माझ्या हातून याआधी झालं नव्हतं. आज दिग्दर्शक हसला.

२ एप्रिल
नकाशेबाई भावाबरोबर फिल्म पाहायला आल्या. शेवटपर्यंत पाहिली. मग माझा हात धरून म्हणाल्या, सोमवारपासून ऑफिसला जायचंय, मला यातून काढा. दिग्दर्शकानं त्यांनी आत असताना सही केलेला होकाराचा कागद पुढे ठेवला.

"तेव्हा मी कशालाच नाही म्हणू शकत नव्हते," त्या म्हणाल्या.

त्यांना काढलं. बावन्नातली चार मिनिटं उरली.