उजव्या चाकाचा रुसवा

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
२८ ऑक्टोबर १९९६

चि. सौ. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप साताऱ्याला पोचलीस, बरं वाटलं. तुझ्या कडाकण्यांचा डबा काल रिकामा झाला. सुधन्वा त्यांना अजून मठरीच म्हणतो. दिल्लीत वाढलेला मुलगा, काय करणार!

आता मुद्द्याचं. आपली फियाट रुसली आहे. चाकांचे ड्रम तू असतानाच उघडले होते. दसऱ्यानंतर राहिलेलं पुढचं उजवं चाकही जोडलं. नवे ब्रेक-शू, नवे रबर, सगळं घातलं. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला तुझ्या प्रमोदिनी वहिनीला पेडलवर बसवलं. मी गाडीखालून दाब म्हटलं की ती दाबायची आणि सोड म्हटलं की विचारायची, आमटी बघून येऊ का? एवढं करून रस्त्यावर ब्रेक लावला, तर गाडी जी डावीकडे धावली ती थेट दुधाच्या बूथच्या पायरीशी! लोक हसले, मला घाम फुटला.

आता मी रिटायर, क्वार्टर पुढच्या महिन्यात सोडायचं. नोएडाच्या फ्लॅटला गाडीची जागा एकच आणि सुधन्वाने नवी मारुती घेतलेली. तो म्हणतो, बस, बहुत हो गया. वास्तुशांतीला फियाट धड थांबत पोचली तर ठेवू, नाहीतर मायापुरीचा भंगारवाला. वाईट नाही गं तो, बापाच्या जिवाची काळजी करतो. पण तरुणपणापासून जी गाडी मी हाताने उघडली-जोडली, ती कुणी तोडताना मला बघवणार नाही. उजव्या चाकाचं सिलिंडर पुन्हा खोललं, गळती नाही. अक्कलच चालेनाशी झाली आहे.

मुलांना आशीर्वाद. लोभ ठेव, कारण इथे सध्या कुणी ठेवत नाही.

तुझा,
अण्णा


सातारा
६ नोव्हेंबर १९९६

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

आमटी सोडून बायकोला पेडलवर बसवणारा तूच रे बाबा! पण फियाटला नावं ठेवायची नाहीत. ह्यांची दिल्ली कँटोन्मेंटला बदली होती तेव्हा माझी सुकन्या दवाखान्यात जन्मली ती या गाडीमुळे, नाहीतर वाटेतच जन्मली असती. सुधन्वाला सांग, आत्याने बजावलंय.

आणि ती बिघडेलच कशी? खंडेनवमीला तू काश्मिरी गेटला रबर आणायला गेला होतास ना, तेव्हा व्हरांड्यात मांडलेल्या तुझ्या पान्या-पकडींची मी पूजा केली. त्या दोन काळ्या चंद्रकोरींनाही सोडलं नाही. बाबा कोयत्यांना लावायचे तसं समईतलं तेल बोटाने चांगलं चोळलं, हळदकुंकू वाहिलं. तुला पसारा खपत नाही, म्हणून नमस्कार करून सगळं स्वच्छ पुसूनही ठेवलं. इतकं मनापासून तर मी घरच्या विळीलाही तेल लावत नाही. तेव्हा काळजी सोड.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच असावी, ही विनंती.

तुझी,
सुनीती


नोएडा
२७ नोव्हेंबर १९९६

चि. सौ. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी कपाळावर हात मारला आणि मग इतका हसलो की प्रमोदिनी धावत आली. अगं बये, ब्रेकचा सगळा खेळ घासण्यावर! विळीला तेल चालतं, ब्रेक-शूला थेंबभरही नाही. त्या चंद्रकोरी म्हणजे उजव्या चाकाचे शू, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे. ते तेल प्यायले, उजवं चाक धरेना, डावं तेवढं धरी. ड्रम पुन्हा उघडून शूजवळ नाक नेलं, तर आत देवघराचा वास!

दोन्हीकडे नवी जोडी घातली. या वेळी गॅस बंद करूनच प्रमोदिनीला पेडलवर बसवलं.

काल वास्तुशांतीला निघालो. मागून सुधन्वा मारुतीत. निजामुद्दीन पुलाच्या उतारावर पुढचा टेम्पो एकदम थांबला. मी पाय दाबला आणि फियाट सरळ रेषेत, जागच्या जागी उभी! त्याची मारुतीच मला लागता लागता राहिली. नोएडाला पोचल्यावर त्याने स्वतःची मारुती बाहेर कडुलिंबाखाली लावली आणि मला हाताने आत त्या एकाच जागेत बोलावलं. खरं सांगतो, मला पटकन उतरवेना. डोळे पुसले, मग उतरलो.

तेल प्यायलेली ती जोडी मी फेकणार होतो. प्रमोदिनीने हात धरला. पूजलेली वस्तू भंगारात देत नाहीत, म्हणाली. नव्या देवघराखालच्या कप्प्यात ठेवली आहे. पुढच्या खंडेनवमीला नक्की ये. ती जोडी आता तुझी, हवं तेवढं तेल लाव.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
अण्णा