आठव्या दिवसाची केबल

मंगळवार, ८ ऑक्टोबर. सकाळी सव्वासहा
नात झाली. टोरांटोला. एबोने ही बातमी बापाला न देता आईच्या फोनवर दिली, आणि एकुवाने ती मला तोंडाला दाढीचा साबण असताना दिली. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईला प्रसंगाचं गांभीर्य कळलेलं नाही.

आठव्या दिवशी बारसं. नाव सांगायचा मान आजोबांचा, म्हणजे माझा. बाळाच्या जिभेला बोटाने पाणी लावायचं, मग जिन लावायची. पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू म्हण, उभ्या जन्मात खोटं बोलू नकोस. आणि मग नाव. बोट तिकडच्या कुणाचंही चालेल. शब्द माझे.

एबो म्हणतो, बाबा, आईच्या फोनवरून बोला, सोपं पडेल. फोन! काडेपेटीएवढ्या काचेत तोंड खुपसून अमिसा घराण्याने नात स्वीकारायची! मी कॉम्प्युटर टीव्हीला जोडणार आहे. त्रेचाळीस इंची पडदा, समोर सारं कुळ, मध्यभागी मी, खांद्यावर केंटेचं रंगीत मानाचं वस्त्र. असं बारसं आमच्या अख्ख्या केप कोस्ट गावाने पाहिलं नसेल.

नाव ठरलेलं आहे. ते इथेही लिहीत नाही. एकुवा वह्या चाळते.

निश्चय : कुणाची मदत घ्यायची नाही. मेव्हण्याची, फीफीची तर नाहीच.

तोच दिवस, दुपार
नवीन घोळ. मूल जन्मलं सोमवारी रात्री दहा चाळीसला, असं एबो म्हणतो. पण तेव्हा इथे मंगळवारची पहाट होती. आमच्यात जन्मवारावरूनही एक नाव मिळतं : सोमवारची मुलगी म्हणजे अजोआ, मंगळवारची अराबा. पूर्वजांची थडगी इथे आहेत, टोरांटोत नाहीत, तेव्हा घड्याळही इथलंच. मूल मंगळवारचं, बारसं पुढच्या मंगळवारी. तसं एबोला खणखणीत इंग्रजीत कळवलं. उत्तरादाखल त्याने हसरा पिवळा चेहरा पाठवला. याच्या शिक्षणासाठी मी एकोणीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या.

बुधवार, ९ ऑक्टोबर
बाजारात जाऊन केबल आणली. मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या बाईने विचारलं, टीव्हीचं भोक चपटं आहे की रुंद? मी म्हटलं, भोक ते भोक. तिने निळ्या तोंडाची, पंधरा दातांची, दोन्हीकडे स्क्रू असलेली दिली. घरी आल्यावर कळलं की टीव्हीला असलं भोकच नाही. लॅपटॉपलाही नाही. बाईला साधा प्रश्न नीट विचारता आला असता, तर ही वेळ आली नसती.

संध्याकाळी भाषणाचा आरंभ रचला. दोन कडवी. सुंदर.

गुरुवार, १० ऑक्टोबर
पुन्हा बाजार. ती बाई मला बघून शेजारणीला काहीतरी बोलली. दोघी हसल्या. दुर्लक्ष केलं. या वेळी चपटी केबल, एचडीएमआय. विचारते कशी, दीड मीटर देऊ की पाच? मला काय गाय बांधायची आहे? दीड घेतली.

बसली. दोन्ही टोकं बसली. माझ्या पिढीत दहा जणांना जमणार नाही. टीव्हीवर मात्र 'नो सिग्नल'.

मार्गदर्शनासाठी डेटाचं पॅक भरून एक व्हिडिओ लावला. एक दाढीवाला अमेरिकन 'काय मित्रांनो' म्हणून सुरू झाला. मी त्याचा मित्र नाही. तो चार मिनिटं स्वतःबद्दलच बोलला आणि मुद्द्यावर येतो न येतो तोच चित्र गोठलं. पॅक संपलं. लॅपटॉप मागच्या मागे स्वतःला अपडेट करत बसला होता म्हणे. यजमान मार्गदर्शनाच्या प्रतीक्षेत, आणि हा आत एकटाच जेवतोय.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
एबोचा निरोप : बारसं सोमवारीच. हॉस्पिटलच्या कागदावर सोमवार आहे, शिवाय त्या दिवशी तिकडे सुट्टी आहे. तिकडे सकाळचे सात, इथे अकरा. सूनबाईच्या मामांनी होकारही दिला. सूनबाईचं माहेर कुमासीचं, आणि कुमासीच्या माणसांना होकार द्यायची घाई फार.

मी ठाम होतो. बारसं मंगळवारी, नाहीतर माझ्याशिवाय करा, असं एबोला कळवायला मी एकुवाला सांगितलं. ती शेंगदाणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाळ जिथे रडलं तिथला वार. तुमच्या घड्याळाने ते रडणं ऐकलंय कुठे?"

अडाणी युक्तिवाद. तरी मोठेपणाने सोमवार मान्य केला. कविमनाला तडजोड जमते. एक दिवस मात्र हातचा गेला.

टीव्हीवर अजून 'नो सिग्नल'.

शनिवार, १२ ऑक्टोबर. सकाळ
रिमोटवर 'सोर्स' नावाचं बटण सापडलं. एरवी त्याला कुणी हात लावत नाही. दाबत गेलो, आणि तिसऱ्या दाबाला पडदा उजळला! निळंशार सरोवर, मागे बर्फाचा डोंगर, काठाला सूचिपर्णी झाडं. कॅनडा!

मिशनच्या शाळेत आम्ही न पाहिलेल्या बर्फाच्या कविता पाठ केल्या होत्या. अंगात खाकी चड्डी, बाहेर नारळाची झाडं, तोंडात बर्फ. आज तोच बर्फ माझ्या हॉलमध्ये. डोळे भरून आले.

ताबडतोब ओटू मास्तरांना बोलावलं. त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. चष्मा लावून त्यांनी डोंगर पाहिला आणि तो रॉकी पर्वतच असल्याचं सांगितलं. टोरांटो तिथून फार लांब नाही का, असं एकुवाने दारातून विचारलं. ओटू मास्तर म्हणाले, हवा स्वच्छ असली की दिसतो. आम्ही अर्धा तास पाहत बसलो. एक पान हललं नाही. किती शांत देश!

शनिवार, दुपार
फीफी आला. बोलावलं नव्हतं. एकुवाचा हा धाकटा भाऊ, किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. हाताला कायम पेट्रोल आणि मासळी यांचा मिश्र वास. कवितेची एक ओळ येत नाही. आल्या आल्या टीव्हीकडे बघून म्हणाला, "दाजी, हा डोंगर माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पण आहे. मग माझं दुकानही कॅनडात का?"

ओटू मास्तरांना अचानक घरी काम आठवलं.

फीफीने न विचारता लॅपटॉपची दोन बटणं एकदम दाबली. डोंगर गेला आणि लॅपटॉपवर जे होतं तेच टीव्हीवर आलं. मी तिथेच पोचलो होतो, फक्त एक पायरी उरली होती. चढलेल्या माणसाला शेवटच्या पायरीवर हात देऊन श्रेय लाटणारे लोक शिक्षणखात्यातही पुष्कळ पाहिले.

एकुवाने त्याला जेवायला थांबवलं. आंबवलेल्या मक्याचे केंके, तळलेला मासा, आणि माझ्या वाटणीची चटणी.

रविवार, १३ ऑक्टोबर
चर्चमधून आल्यावर भाषण पूर्ण केलं. अकरा मिनिटं. इंग्रजीत स्वतःची सहा कडवी, मग आपल्या भाषेत पूर्वजांना आवाहन, पाणी, जिन, आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव आधी सांगितलं तर पुढचं ऐकायला थांबतंय कोण? न्हाणीघरात रोज तालीम करतो. तिथे आवाज घुमतो.

आई आठवली. मासे धुरावर सुकवायच्या भट्टीपाशी बसायची. मी शाळेतली कविता म्हणून दाखवायचो. तिला इंग्रजीचा एक शब्द कळत नसे. धुराने डोळे चोळत ती शेवटपर्यंत ऐकायची आणि म्हणायची, पुन्हा म्हण. तिच्याइतका जाणकार श्रोता पुढे मिळाला नाही.

तीन ते पाच वीज नव्हती. वीज आल्यावर रंगीत तालीम. केबल आखूड असल्यामुळे लॅपटॉप टीव्हीखाली, भाजी चिरायच्या बुटक्या स्टुलावर ठेवावा लागतो. तो तिथे कुणाच्या डोळ्यांत येत नाही हा फायदाच.

फीफी पुन्हा टपकला. म्हणे कॅमेरा लॅपटॉपच्या कपाळावर असतो, टीव्हीला डोळे नसतात. तिकडच्यांना दिसायचं तर स्टूल उंच करा, म्हणजे मोठी केबल आणा. मी सांगितलं, मी त्यांच्या डोळ्यांत बघणार, तर ते माझ्या बघणार. याला सामान्यज्ञान म्हणतात. त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने छताकडे.

पडद्याखाली माइकचं एक चित्र असतं. कधी पांढरं असतं, बोट लावलं की लाल होतं. याचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. चौऱ्याहत्तर साली राजधानीत, आक्राच्या रेडिओवर मी काव्यवाचन केलं होतं. लाल दिवा लागला की आवाज देशभर. उद्या आठवणीने लाल करणे.

सोमवार, १४ ऑक्टोबर. सकाळी साडेदहा
सगळे जमले. कुळप्रमुख, माझ्या दोन्ही बहिणी, ओटू मास्तर, आणि नाइलाजाने फीफी. मी केंटे नेसून तयार. चित्र आलं. एबो, सूनबाई, तिचे मामा, आणि पांढऱ्या कपड्यात एक मूठभर जीव. डोकं अगदी माझ्यावर गेलंय.

माइक लाल केला. टीव्हीचा आवाज बंद केला. काव्य चालू असताना वर्गात आवाज मला कधीच चालला नाही.

सोमवार, दुपारी साडेबारा
अविस्मरणीय.

पहिल्या कडव्यालाच तिकडे खळबळ. एबो उभा राहिला. दोन्ही हात हलवू लागला. एवढा भारावलेला मी त्याला पदवीदानातही पाहिला नव्हता. सूनबाई पुन्हा पुन्हा कानाला बोट लावून दाखवत होती, म्हणजे ऐकतेय, मनापासून ऐकतेय. मामा तर मान वाकवत वाकवत जवळजवळ जमिनीला टेकले. कुमासीचा माणूस आमच्या किनाऱ्यावरच्या फांटी माणसापुढे इतका वाकलेला माझ्या ऐकिवात नाही.

इकडची मंडळी मात्र कोती. तिसऱ्या कडव्याला एकुवाचा फोन वाजला. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मागोमाग फीफी. मग दोघी बहिणी. मग कुळप्रमुख, काठी टेकत. भुकेपुढे माणसाचं चालत नाही. ओटू मास्तर तेवढे राहिले. त्यांना झोप लागली होती.

चौथ्या कडव्याला पडद्यावर मामांनी पेल्यात बोट बुडवून बाळाच्या जिभेला लावलं. पुन्हा दुसऱ्या पेल्यात बुडवून लावलं. बाळाने तोंड वाकडं केलं. मी अजून पाण्यापर्यंत पोचलोही नव्हतो! घाई, घाई. तरी ठेका सोडला नाही. त्याच वेळी स्वयंपाकघरातून जल्लोष ऐकू आला. बकरा शिजला असावा.

शेवटी नाव उच्चारलं. तीनदा. तोवर एबो बाळाला घेऊन पडद्याबाहेर गेला होता, भावना अनावर झाल्यामुळे. समोर रिकामा सोफा होता. त्याला उद्देशून समारोप केला.

जेवताना कुणीच काही बोललं नाही. मोठ्या कवितेनंतर असंच होतं. एकुवाने माझ्या पानात मटणाचा मोठा तुकडा वाढला. कारण कळलं नाही.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
एबोने बारशाचा व्हिडिओ पाठवला. आईच्या फोनवर. मी म्हटलं, टीव्हीला जोडतो. एकुवा म्हणाली, "नको. इथेच बघा. माझ्या शेजारी बसा."

काडेपेटीएवढ्या काचेत पाहिला.

सुरुवातीला एबोचा आवाज : बाबा, माइक बंद आहे. बाबा, तुमचं तोंड दिसत नाही. हे त्याने मोजून चौदा वेळा म्हटलं. मग म्हणाला, आईला फोन लावा. मग आमच्या स्वयंपाकघराची वाफ, पातेली, आणि त्यात एकुवा. डोक्याला फडकं, हातात पळी. मामांनी बोट बुडवलं. ही म्हणाली, पाण्याला पाणी म्हण. दारूला दारू म्हण. तुझं नाव क्वान्सिमा. बस. ना प्रस्तावना, ना वृत्त. मग जल्लोष.

क्वान्सिमा माझ्या आईचं नाव. तेच ठरवलं होतं. मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं, असं विचारलं. म्हणाली, आठवडाभर न्हाणीघरातून दुसरं काय ऐकतेय?

मी म्हटलं, उच्चारात पहिलं अक्षर किंचित लांबवायला हवं होतं. ती बरं म्हणाली.

पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसली. खाली लिहिलेलं : अमिसा, केप कोस्ट. आत केंटे नेसलेला एक गुडघा. अकरा मिनिटं तेवढाच. आवाज नाही. नीट पाहिलं. दर ओळीला एकदा हलतो. एकही ठेका चुकलेला नाही.