दोन आखूड, एक लांब

ता. १४ जानेवारी

चि. ठोक्यास, अ. उ. आ.

मी सुखरूप पोचले. तुझ्या दुकानातल्या ठोकाठोकीनंतर संशोधन केंद्रातली ही शांतता कानाला टोचते. फोन करणार होते, पण फोनवर तू वेल्डिंग चालू असल्यासारखा ओरडतोस आणि मी चिडून ठेवून देते. तेव्हा पत्रच बरं. तूही आळस न करता लिही.

दोन महिने तुमच्याकडे तळ ठोकला, अर्धा फ्रीज कुत्र्यांच्या गोळ्यांनी भरला, तरी भिंगरीच्या आईच्या कपाळाला आठी पडली नाही. तूच काय तो अंड्याच्या वासाला भुलून एक गोळा तोंडात टाकायला निघाला होतास. बरं झालं मी हात धरला. त्या गोळ्याच्या पोटात लसीची पुडी असते. कुत्रं चावतं, पुडी फुटते, औषध तोंडभर पसरतं आणि रेबीजशी लढायची ताकद अंगात येते. सुई टोचायला जी कुत्री हाती लागत नाहीत त्यांच्यासाठी ही नवी लस. ती खरंच काम करते का, तेच आम्ही तुमच्या गल्लीत बघतोय. तुमची कुत्री मात्र लाडावलेली. माशाच्या वासाचा गोळा थुंकून टाकायची.

गोळा खाल्लेल्या प्रत्येकाच्या गळ्यात निळा पट्टा आहे. सुरुवातीला दात दाखवणारी ती शेवटी रक्त काढतानाही माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. ते रक्त आता तपासणीला गेलंय. त्यांना बोलवायला मी अप्पांची शीळ वापरली, दोन आखूड, एक लांब. लहानपणी अप्पा आपल्याला खेळातून घरी बोलवायचे ती. मला दुसरी येतच नाही. तूही भिंगरीला तिनेच हाक मारतोस, म्हणून संध्याकाळी एका शिळेवर तुझी पोरगी आणि गल्लीभरची कुत्री एकदम धावत यायची. तो गोंधळ आठवून मी इथे एकटीच हसते.

लोभ तर तुझा आहेच, तो दोन ओळींच्या उत्तरातून दिसू दे.

तुझी ताई


ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझी चौपायी मंडळी मजेत आहेत. तो ताठ बसणारा मास्तर रोज शाळा सुटायच्या आधी भिंगरीच्या वाटेवर जाऊन बसतो. जाडी आणखी जाड झालीय.

पण आज लिहायचं ते वेगळं आहे. कोपऱ्यावरचा किल्लीवाला गेला, रेबीजने. कुत्रं चावलं ते त्याने कुणाला सांगितलंच नाही, जखमेवर ग्रीस फासून कामाला बसला. गेल्या आठवड्यात पाण्याचा पेला पुढे केला की गळा आवळल्यासारखं करायला लागला. मग पंख्याचा वारा लागला तरी किंचाळायचा. त्याला दवाखान्यात खाटेला बांधलं तेव्हा मी, शिंपी, दूधवाला आणि वॉर्डबॉय असे चौघं लागलो. मनगटाची कातडी सोलून निघाली तरी तो पट्टे ओढत होता. मध्येच शुद्धीवर यायचा आणि मला म्हणायचा, ठोक्या, सोड रे. ताई, मी सोडलं नाही.

तेव्हापासून गल्लीतली माणसं रोज माझ्या दुकानात जमतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, की तुझ्याच कुत्र्यांपैकी कुणीतरी त्याला चावलं असणार, आणि गोळ्यातल्या औषधानेच ती पिसाळली असणार. मी तुझी बाजू घेतो, पण दाखवायला पुरावा नाही. भिंगरी दिवसभर त्या मास्तरच्या तोंडात हात घालून बसते. मला एकच पोर आहे. तिला तसं खाटेला बांधायची वेळ आली तर तुझं संशोधन मी बघणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. लवकर लिही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा ठोक्या


ता. १० फेब्रुवारी

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. थांबायला वेळ नव्हता. काल सकाळी आम्ही कुत्री मारली. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

सळया मीच दुकानातून वाटल्या. पण सळई बघून कोण उभं राहतं. पहिल्याच फटक्याला सगळी पांगली. आम्ही गल्लीभर धावून धावून दमलो, हाती एक लागेना. मग दूधवाला म्हणाला, की अरे, तुझ्या बहिणीची शीळ तुला येते ना. मी घातली.

सगळी आली. शेपट्या हलवत आली. बिनपट्ट्याची तीनचार होती ती तेवढी नाल्यापलीकडे पळाली, निळ्या पट्ट्याचं एकही मागे राहिलं नाही. मास्तर सगळ्यांच्या पुढे. तू शिकवलंस तसा माझ्यासमोर बसला आणि गोळ्यासाठी तोंड उघडलं. शिंप्याने सळई घातली ती जबड्यावर बसली. जबडा लोंबत होता तरी तो उठून माझ्याच पायाशी आला. मग मी घातली, डोक्यात. जाडीच्या पोटात पिल्लं होती ते पोट फुटल्यावर कळलं. त्या किंकाळ्यांनी एकदोन बुजून मागे सरली, तेव्हा मी पुन्हा शीळ घातली. ती परत आली. दुपारपर्यंत गटार लाल वाहत होतं.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. पण किल्लीवाल्याला तू बांधलं नव्हतंस. मी बांधलंय. माझ्या पोरीसाठी मी अशी आणखी शंभर मारीन आणि रात्री झोपेन.

एकच गोष्ट मनाला लागली. भिंगरीला मैत्रिणीकडे पाठवलं होतं. ती कधी परत आली आणि गच्चीवर गेली कुणाला कळलं नाही. तिने वरून सगळं बघितलं. कालपासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. लहान आहे, विसरेल.

शिव्या घालायच्या तर घाल, पण लिहिणं बंद करू नकोस.

तुझा ठोक्या


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठोक्यास, अ. उ. आ.

तुझं तीन तारखेचं पत्र आज हातात पडलं. किल्लीवाल्याचं वाचलं. माझ्या सायकलच्या कुलुपाची किल्ली त्याने पैसे न घेता करून दिली होती.

आता नीट वाच आणि दुकानात जमणाऱ्यांनाही वाचून दाखव. रक्ताचे निकाल आजच आले. तुमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक निळ्या पट्ट्याच्या अंगात लस भिनली आहे. आमच्या मोठ्या बाईंनी आकडे दोनदा तपासले आणि सगळ्यांना चहा पाजला. इतका चांगला निकाल कुठल्याच वस्तीतून आला नव्हता. त्या गोळ्याने कुत्रं पिसाळत नाही, आणि तुमच्या कुत्र्यांना आता कुणी पिसाळवूही शकत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांशी मी बोलले. किल्लीवाला नाल्यापलीकडच्या भंगार बाजारात गेला होता, तिथल्या कुत्र्याने त्याला तोडलं, हे त्याने शुद्धीत असताना त्यांना सांगितलं होतं.

आपली कुत्री परक्या कुत्र्याला गल्लीत पाऊल ठेवू देत नाहीत, हे तू रोज बघतोस. म्हणजे मास्तर आणि त्याचं टोळकं ही भिंगरीच्या भोवतीची भिंत आहे. त्यांच्या केसाला धक्का लागू देऊ नकोस. मास्तरला माझ्याकडून एक गोळा जास्त दे, लसीचा नको, नुसता खाऊचा.

मी आज फार आनंदात आहे, त्यातला वाटा तुला पाठवते.

तुझी ताई


ता. १८ फेब्रुवारी

ठोक्या,

तुझं पत्र मिळालं, आणि माझं तुला मिळालं असेल. त्यात काय लिहिलंय ते तू वाचलं आहेसच, पुन्हा लिहीत नाही.

मला तुझा राग येतो आणि किळसही येते. जी कुत्री माणसाला भीत होती ती वाचली. ज्यांना आपण विश्वास ठेवायला शिकवलं ती मेली. अप्पांनी त्या शिळेने आपल्याला जेवायला बोलावलं, तू तिने मारायला बोलावलंस. एकदा चुकून नाही, ती बुजल्यावर दुसऱ्यांदाही.

रडणं पुरे, आता कामाचं ऐक. मोकळी गल्ली मोकळी राहत नाही. नाल्यापलीकडची कुत्री येणार, त्यांच्यात लस घेतलेलं एकही नसणार. भिंगरीला एकटी सोडू नका. कुणाला चावलंच तर जखम ताबडतोब वाहत्या नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवा, रक्त आलं, पोर ओरडली तरी थांबू नका. तसेच दवाखान्यात जा. जखमेत सिरम टोचून घ्या आणि पुढची सगळी इंजेक्शनं घ्या. चावणारं कुत्रं सापडलं तर कोंडून ठेवा. मारलंच तर डोकं सांभाळा. पिसाळलं होतं का, हे मेंदू तपासूनच कळतं.

हे पत्र भिंगरीच्या आईला वाचायला दे.

ताई


ता. १० मार्च

ती. वन्संना, सा. न. वि. वि.

ह्यांच्याच्याने लिहवत नाही, म्हणून मी लिहिते. तुमचं मागचं पत्र ह्यांनी मला दिलं नव्हतं, दुकानाच्या खणात टाकलं होतं. मी शोधून वाचलं, आणि त्यानेच हात दिला.

तुम्ही लिहिलंत तसंच झालं. पंधरवड्यात परकी कुत्री आली. रोज भांडणं, रोज रक्त. भिंगरीचं तर सांगू नये असं. ती ह्यांच्याशी बोलते, पण जेवढ्यास तेवढं. आणि ह्यांनी संध्याकाळी शीळ घातली की घरी यायच्या ऐवजी दडून बसते. एकदा तासभराने खाटेखाली सापडली. हे म्हणायचे, नखरे आहेत, जातील.

परवा संध्याकाळी ती समोरच्या घरून वही घेऊन येत होती. ह्यांनी दुकानाच्या पायरीवरून बघितलं, तर गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं लाळ गाळत, झोकांड्या खात येत होतं आणि पोर मधोमध. हे घाबरले आणि सवयीने तोंडातून शीळ गेली. मी खिडकीतच होते, वन्सं. पोरीने वळून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या हातात कामाची सळई होती. ती उलटी फिरली आणि जीव घेऊन पळाली, सरळ त्या कुत्र्याच्या अंगावर.

त्याने गालाचा लचका तोडला. मग दंड धरला तो सोडेना. ह्यांनी सळई घातली तेव्हा सुटला. मी पोरीला उचलून नळाखाली नेलं आणि साबण लावला. दात दिसत होते गालातून. ती मला लाथा मारत होती, माझी साडी रक्ताने अंगाला चिकटली, पण तुम्ही लिहिलं होतं म्हणून मी हात थांबवला नाही. बाहेर हे त्या कुत्र्याला मारतच होते. ते केव्हाच मेलं होतं. शेवटी शिंप्याने मागून कवेत आवळलं तेव्हा थांबले. तुम्ही डोकं सांभाळा म्हणून लिहिलं होतं, त्या डोक्याचं तपासण्यासारखं काही उरलं नाही. आता ते पिसाळलेलं होतं की नाही हे कधीच कळायचं नाही, पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिरम गालाच्या जखमेतच टोचतात. त्या वेळी तिला धरायला तिघी लागल्या. ह्यांना बोलावलं तर हे खाटेच्या पट्ट्यांकडे बघून बाहेर निघून गेले आणि जिन्यात बसून हुंदके देऊ लागले. मला ह्यांची दया येते, आणि तोंडही बघवत नाही.

एवढंच विचारते, ती वाचेल ना? खोटं लिहू नका.

आमच्यावरची सावली काढून घेऊ नका.

तुमची
भिंगरीची आई


ता. ६ एप्रिल

प्रिय आत्यास, सा. न. वि. वि.

माझं शेवटचं इंजेक्शन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घाबरायचं कारण नाही. तू आईला लिहिलंस ना, की वेळेवर धुतलं आणि औषध जखमेतच गेलं म्हणून भिंगरी वाचेल, ते पत्र आई अजून उशीखाली ठेवते. मी पाणी पिताना ती माझ्या गळ्याकडे बघत बसते. मी मुद्दाम दोन दोन पेले पिऊन दाखवते.

गालावर खड्डा पडलाय. हसले की तोंड एका बाजूला जातं. शाळेत एकाने वाकुल्या दाखवल्या, मी त्याला चावले. लगेच सांगितलंही, की मी सगळी इंजेक्शनं घेतलीत, तुला काही होणार नाही.

तू गोळे घेऊन येणार म्हणून गल्लीतले सगळे आमच्या दुकानात जमले होते. आता कुणी कुत्र्याला हात लावणार नाही असं ठरलं. बाबांनी उरलेल्या सळया एका गेटात लावून टाकल्या. दूधवाले काका म्हणाले, की कुत्री गोळा करायला ठोक्याची शीळ आहेच. मी नको म्हणाले.

बाबा आता शीळ घालत नाहीत. एकदा विसरून घातली आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. मी तेव्हा खाटेखाली होते. ते खाली वाकून म्हणाले, की बाहेर ये, माझ्या हातात काही नाही. हात उघडून दाखवले. खरंच काही नव्हतं. तरी ते उठून जाईपर्यंत मी आले नाही.

नव्या कुत्र्यांना बोलवायला मी एक नवी खूण शोधलीय. त्यातली एक लंगडी कुत्री तिच्यावर यायलाही लागली. ती खूण इथे लिहीत नाही, कारण पत्र पेटीत टाकायला बाबा जातात. तू आलीस की कानात सांगेन. तू ती शिकून घे, पण घरात करू नकोस.

माझा तुझ्यावर खूप लोभ आहे. बाबांवर पण आहे. पण खूण त्यांना सांगायची नाही.

तुझी भिंगरी