लक्ष्मी गेटचा हातपंप

झाशी, मंगळवार संध्याकाळ

"जे आपल्या हातात नाही, ते नकाशावर आधी काढ," पहिल्या नोकरीतले साहेब म्हणाले होते. म्हणून लक्ष्मी गेट वस्तीच्या नव्या नळयोजनेच्या नकाशावर मी मुख्य व्हॉल्व्ह लाल रंगात दाखवला. त्याची चावी दुसऱ्या खात्याकडे. पाणी सोडणं त्यांच्या मर्जीवर. आज आमचे साहेब हसले, "मैडम, ये लाल हटाइए, फाइल अटक जाएगी." आणि नळ आला म्हणून उद्या हातपंप उखडणार! शेवटच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या अम्मांनी मला लेकीसारखं विचारलं, "बिन्नू, नल में पानी तो आहै न?" येईल, अशी मी मान डोलावली. का डोलावली? हातपंपाशिवाय त्यांना दुसरं पाणीच नाही.

साहेब ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. तरी सकाळी हात जोडणार: नळाला खरंच पाणी येईपर्यंत हातपंप तेवढा राहू द्या.